वजनाचा काटा आणि जगण्याची प्रत

स्थूलता हा सुखवस्तु माणसांचा विकार, असा समज महाराष्ट्रांत पुष्कळ काळ रूढ होता. कष्टकऱ्याच्या अंगीं मेद कोठून येणार, असें लोक म्हणत. हा समज कसा मोडला तें पाहावयाचें असल्यास पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील मोशी हें गांव पाहावें. इंद्रायणीच्या कांठचें हें शेतकऱ्यांचें गांव १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामील झालें. एका अंगास भोसरीचे आणि दुसऱ्या अंगास चाकणचे कारखाने उभे राहिले. शेतांच्या जागीं बहुमजली वसाहती आल्या. शेतांतलें चालणें-वाकणें गेलें. यंत्रापुढील पाळी, रात्रीचें जागरण आणि बैठें काम आलें. अन्न मात्र त्या मानानें घटलें नाहीं.

अशा समाजांत स्थूलतेवरील शस्त्रक्रिया हा केवळ धनिकांचा प्रश्न राहत नाहीं. ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याचें पुढील आयुष्य कसें जाईल, हें आधीं सांगतां येईल काय, हा तिच्या इतिहासांतील सर्वांत अवघड प्रश्न आहे.

वजन उतरविण्यासाठीं पोटावर शस्त्र चालविण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या मध्याची. १९५४ सालीं अमेरिकेंतील क्रेमेन, लिनर व नेल्सन या शल्यवैद्यांनीं लहान आंतड्याचा बराच मोठा भाग अन्नाच्या मार्गांतून वगळण्याची क्रिया प्रसिद्ध केली. अन्न पोटांत जाई, परंतु अंगीं लागत नसे. वजन झपाट्यानें उतरे. काट्यापुरतें पाहिलें तर हें यशच होतें. परंतु पुढें अशा रुग्णांना सततचे जुलाब, मूतखडे आणि यकृताचा ऱ्हास यांनीं ग्रासलें, आणि १९८० च्या सुमारास ही क्रिया मागें पडली. दरम्यान १९६६ सालीं आयोवा विद्यापीठांत एडवर्ड मेसन यांनीं जठराचा एक लहानसा कप्पा वेगळा करून तो आंतड्यास जोडण्याची रीत आरंभिली होती. तीच पुढें सुधारत गेली. पहिल्या क्रियेनें धडा मात्र कायमचा दिला: वजन उतरलें म्हणजे माणूस बरा झाला, असें नव्हे.

वजनाचा आंकडा सर्व देहांना सारखा लागू पडत नाहीं, ही गोष्ट तर पुण्यानेंच जगाला दाखविली. किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागलें म्हणजे शरीरभारांक मिळतो. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉक्टर जॉन युडकिन या दोघांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत आपलेंच छायाचित्र छापलें. दोघांचाही शरीरभारांक २२.३, परंतु युडकिन यांच्या देहांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या देहांत शेंकडा २१.२! १९९१ सालीं अमेरिकेंत शस्त्रक्रियेसाठीं शरीरभारांक ४०, किंवा गंभीर आजार जोडीला असल्यास ३५, अशी मर्यादा ठरली होती. आशियांतील लोकांसाठीं ती पुढें खालीं आणावी लागली, त्याचें कारण यांत सांपडतें.

मग बरें होणें मोजावें कसें? १९९२ सालीं अमेरिकेंत छत्तीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली. जिना चढतां येतो काय, दुखणें कामाच्या आड येतें काय, मन खिन्न असतें काय, असें रुग्णालाच विचारण्याची तिची रीत. पुढें १९९८ सालीं ओरिया व मूरहेड यांनीं खास या शस्त्रक्रियेसाठीं गुण देण्याची पद्धति मांडली. तींत उतरलेलें वजन, सुधारलेले आजार आणि जगण्याची प्रत या तिहींना स्वतंत्र गुण आहेत. शस्त्रक्रियेंतून गुंतागुंत उद्भवल्यास गुण वजा होतात. प्रत ठरवितांना स्वतःविषयींचा आदर, हालचाल, लोकांतील वावर, काम आणि दांपत्यजीवन यांविषयीं रुग्णाचेंच मत घेतलें जातें.

या मोजणीनें जें दिसलें तें आशादायक खरें, परंतु सरळ नव्हे. स्वीडनमध्यें १९८७ सालीं सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाचा दहा वर्षांचा वृत्तांत २००७ सालीं आला. जगण्याची प्रत पहिल्या वर्षीं सर्वांत उंचावते, मग सहाव्या वर्षापर्यंत हळूहळू उतरते आणि पुढें स्थिरावते. वजनांत सुमारें शेंकडा दहाची घट टिकली तरी लाभ टिकतो, असें त्यांत आढळलें. त्याच वर्षीं अमेरिकेंतील यूटा येथील अभ्यासानें सांगितलें कीं, शस्त्रक्रिया केलेल्यांत एकंदर मृत्यु शेंकडा ४० नीं कमी झाले, परंतु अपघात, आत्महत्या अशा रोगाखेरीजच्या कारणांनीं होणारे मृत्यु शेंकडा ५८ नीं अधिक होते. २०१२ सालच्या दुसऱ्या अमेरिकन अभ्यासांत मद्याच्या विकाराचें प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीं शेंकडा ७.६ होतें, तें दुसऱ्या वर्षीं ९.६ झालें. पहिल्या वर्षाच्या आनंदावरून पुढील दशकाचें भाकीत करूं नये, हाच याचा अर्थ.

आतां गणितहि या कामीं लागलें आहे. थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाचा संभाव्यतेवरील निबंध त्याच्या पश्चात् १७६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या तत्त्वावर उभारलेलीं जाळीं वापरून स्वीडनच्या संशोधकांनीं २०२० सालीं पांच वर्षांनंतरच्या जगण्याच्या प्रतीचा अंदाज बांधण्याचा यत्न केला. परंतु असा अंदाज शंभरांपैकीं कितींचें काय होईल हें सांगतो. त्या शंभरांतला एक कोणत्या घरीं परतणार आहे, हें त्यास कळत नाहीं.

मुंबईनें याचा एक करुण दाखला पाहिला. सुमारें पांचशें किलो वजनाची म्हणून जगभर गाजलेली इजिप्तची इमान अहमद २०१७ च्या फेब्रुवारींत सैफी रुग्णालयांत दाखल झाली. मार्चमध्यें तिच्या जठरावर शस्त्रक्रिया झाली. वजन पुष्कळ उतरल्याचें रुग्णालयानें सांगितलें. तिच्या बहिणीनें त्या आंकड्यांवर जाहीर आक्षेप घेतला. वर्तमानपत्रांत वाद किलोंचा झाला. पूर्वींच्या पक्षाघातानें जखडलेली ती स्त्री उठून बसेल काय, हा प्रश्न त्यांत मागें पडला. मे महिन्यांत तिला अबू धाबीस नेण्यांत आलें आणि सप्टेंबरमध्यें तेथें तिचा अंत झाला.

म्हणून मोशीसारख्या गांवांतील माणसाचें भाकीत करतांना वैद्यानें काट्याखेरीज आणखी कांहीं विचारावें. पाळी दर आठवड्यास बदलत असतां थोडें थोडें व सावकाश जेवण्यास सवड मिळेल काय? जन्मभर घ्यावयाच्या जीवनसत्त्वांचा खर्च झेपेल काय? पंगतींत पुरणपोळीचा आग्रह होईल तेव्हां घरचीं माणसें पाठीशीं उभीं राहतील काय? सर्वांचें झाल्यावर शेवटीं जेवणाऱ्या गृहिणीस स्वतःचें पथ्य सांभाळतां येईल काय? मन खचलें तर कोणापाशीं बोलावें, हें ठाऊक आहे काय? शस्त्रक्रिया जठर लहान करते. पुढचें जगणें या उत्तरांवर अवलंबून राहतें.