फडाची मालकीण

तमाशा म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ढोलकीच्या थापेवर नाचणारी बाई येते. फडाची हिशेबाची वही कोणाच्या हाती असे, हे सहसा कोणी विचारत नाही. कांताबाई सातारकरांनी ती वही स्वतःच्या हाती घेतली, म्हणून त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

त्यांचा जन्म 1939 चा, गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यातला. आईवडील दगडखाणीतले मजूर. कुटुंब साताऱ्याला आल्यावर कांताबाई लहान वयातच तमाशात उभ्या राहिल्या. पुढे तुकाराम खेडकरांच्या फडात त्यांचे नाव झाले. नाचगाणे होतेच, पण वगात त्या शिवाजी महाराजही रंगवीत. 1964 मध्ये तुकाराम खेडकर वारले. पदरी लहान मुले आणि फडही सोडावा लागलेला! काही वर्षांनी कांताबाईंनी स्वतःचा फड काढला.

फड काढणे म्हणजे काय, हे जरा सांगायला हवे. ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, नर्तकी, आचारी, ड्रायव्हर, तंबू ठोकणारे अशी मोठ्या फडात शंभरावर माणसे असतात. पावसाळ्यात काम बंद. तेव्हा कलावंतांना उचल द्यायची, तीही अनेकदा व्याजाने पैसे काढून. दसऱ्याला हंगाम सुरू होतो. पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत बसून गावकऱ्यांशी जत्रेच्या सुपाऱ्या ठरवायच्या. अवकाळी पाऊस आला की त्या रात्रीची तिकीटविक्री बुडाली, माणसांचे पोट मात्र थांबत नाही. आम्ही आयटीवाले तीस माणसांचे प्रोजेक्ट सांभाळताना घामाघूम होतो, तेही एसीत आणि क्लायंटच्या पैशावर!

आपल्या देरामध्ये आफ्रिकेतल्या व्यापाऱ्यांची वर्दळ असते. त्यामुळे तिकडच्या संगीताचे कुतूहल वाटून थोडे वाचले. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात 1961 मध्ये सशस्त्र पोलीस दलातल्या स्त्रियांचा वाद्यवृंद उभा राहिला; गिटारपासून ड्रमपर्यंत सारे बायकांच्या हाती. ‘लेझ अमाझोन द गिने’ हे त्याचे नाव. धाडस मोठेच, पण पाठीशी सरकार होते. कांताबाईंच्या पाठीशी होता तो सावकार, आणि तोही वसुलीसाठी.

सरकारने त्यांची दखल घेतली ती उतारवयात. राज्याचा पहिला विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. 2020 मध्ये कोरोनामुळे जत्रा बंद झाल्या, फड जागीच थांबले. 25 मे 2021 रोजी कांताबाई गेल्या. त्यांचे पुत्र रघुवीर यांनी फड पुढे चालवला तो ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’ या नावाने.