एक इनाम, चार कागद

शनिवारवाड्यातून पेशव्यांनी कुणाला जमीन इनाम दिली, की एका कागदावर भागत नसे. सनद इनामदाराला मिळे. त्याच निर्णयाची निराळी पत्रे गावच्या मोकदमाला, म्हणजे पाटलाला, परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना आणि कमाविसदाराला जात. प्रत्येकाचा मायना त्याच्या दर्जाप्रमाणे, हुकूम त्याच्या कामापुरता. हुजूर दफ्तरातल्या रोजकीर्दीत मात्र मजकूर एकदाच उतरे. खाली कोणाकोणास पत्रे दिली त्याची यादी. (अभ्यासक घाईत नेमकी हीच यादी ओलांडून जातात!) पत्रातच बहुधा बजावलेले असे, की नक्कल, म्हणजे तालीक, ठेवून घ्यावी आणि अस्सल पत्र इनामदारास भोगवट्यासाठी परत द्यावे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात या दफ्तराची आबाळ झाली. कारकून कमी झाले, कागद बाहेर गेले. त्याची झळ पुढच्या पिढ्यांना लागली. १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळालेले इनाम कमिशन घरोघरच्या सनदा पुण्याच्या दफ्तराशी ताडून पाहू लागले. बनावट सनदाही पुष्कळ होत्या, त्यामुळे हा संशय अगदीच निराधार नव्हता; परंतु मूळ नोंद हरवली असेल, तर खऱ्या सनदेलाही दफ्तरातला साक्षीदार उरत नसे.