भाडेकरार : मुदतीतील एकतर्फी बदल (महाराष्ट्र)

सही होऊन चालू असलेल्या भाडेकराराच्या अटी घरमालकाने मुदतीच्या आतच परस्पर बदलणे. भाडे वाढवणे, जादा अनामत मागणे, पार्किंग काढून घेणे, पाहुण्यांना मज्जाव करणे ही त्याची नेहमीची रूपे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६२ प्रमाणे करारात फेरफार दोन्ही पक्षांच्या संमतीनेच होतो. ‘पुढच्या महिन्यापासून दोन हजार जास्त’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप म्हणूनच केवळ प्रस्ताव ठरतो. राहणाऱ्याने तो लेखी नाकारावा आणि ठरलेले भाडे वेळेवर, शक्यतो बँकेतून भरत राहावे. वाढीव रक्कम मुकाट्याने देत गेल्यास पुढे तीच संमती म्हणून दाखवली जाऊ शकते.

महाराष्ट्रात आज बहुतेक घरे ‘लीव्ह अँड लायसन्स’ कराराने, म्हणजे भाडेपट्ट्याऐवजी फक्त राहण्याच्या परवान्यावर, दिली जातात. त्यामागे इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली, पागडी (भाड्याखेरीज आगाऊ घेतली जाणारी रक्कम) फोफावली आणि मालक ‘भाडेकरू’ हा शब्दच टाळू लागले. पुढे १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू परवान्यावर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. मालकांची धास्ती त्यामुळे आणखी वाढली. आजचे अकरा महिन्यांचे करार या धास्तीशिवाय नीट समजत नाहीत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लायसन्सचा करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘नोंदणीचा खर्च कशाला?’ म्हणणारा मालक आपलीच बाजू लंगडी करतो. याच अधिनियमाचे कलम २९ भाडेकरूचे पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडण्यास मनाई करते.

खरी मेख करारातील नोटिशीच्या कलमात असते. करारात लॉक-इन (ठरावीक काळ करार संपवता न येण्याची अट) नसेल आणि एका महिन्याच्या नोटिशीवर तो संपवण्याची मुभा मालकालाही असेल, तर भाडे वाढवता न आलेला मालक सरळ नोटीस देतो. भाड्याचा आकडा शाबूत राहतो, घर जाते. लॉक-इन दोघांवरही बंधनकारक आहे की फक्त राहणाऱ्यावर, हे सहीपूर्वी तपासलेच पाहिजे. छापील मसुद्यांत ते अनेकदा एकतर्फी असते.

कराराची मुदत संपली की चित्र पालटते. निवासी लायसन्स संपल्यावर मालक भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागू शकतो. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्यावर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई बसते.