सूत तेच, माग दुसरा

अर्थशास्त्राच्या ग्रंथांत ‘संरचनात्मक बदल’ हा शब्द असा येतो, की जणू ऋतूच पालटला! तो कोणी घडवून आणला, हे विचारण्याची सोय नाही. आम्ही ग्रंथांपेक्षा करारपत्रे वाचून अर्थशास्त्र शिकलेली माणसे; म्हणून हा आडवा प्रश्न विचारण्याची मुभा घेतो. उदाहरण आपल्या अंगावरच्या कापडाचे.

१९५१ च्या सुमारास देशातील कापडापैकी सुमारे चार पंचमांश गिरण्यांत विणले जाई. एकविसावे शतक उजाडले तेव्हा गिरण्यांच्या वाट्याला शंभर वारांत पाच वारही उरले नव्हते. लोकांनी कापड वापरावयाचे सोडले होते असे नव्हे. सूतकताई बहुतांशी गिरण्यांतच राहिली. विणकाम तेवढे उठून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत येथे गेले.

मुंबईच्या कामगाराची ‘सुधारणे’शी पहिली मोठी झुंज १९२८ साली झाली. साळखात्यात दोन माग चालविणाऱ्याने तीन चालवावेत, या तऱ्हेच्या रॅशनलायझेशनविरुद्ध सुमारे सहा महिने संप चालला. त्या भांडणात एक सोय होती. माग किती, माणसे किती, दर काय, हे सारे मोजता येत होते आणि ज्याच्याशी भांडावयाचे तो मालक समोर होता. दुसरा बदल आला तो गिरणीच्या दारातून आलाच नाही. तो सरकारी नियमांतून आला, आणि तोही सद्‌हेतूने.

शेतीखालोखाल हातमागावर लोक पोट भरीत. ते वाचावे, ही स्वतंत्र भारताच्या सरकारची इच्छा रास्तच होती. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ साली ग्रामोद्योग व लघुउद्योगांसाठी जो विचार मांडला, त्यातही हेच सूत्र होते. १९५६ पासून गिरण्यांच्या मागांची संख्या गोठविण्यात आली. गिरणीच्या कापडावर अबकारी कर, हातमागाला माफी, आणि थोडे यंत्रमाग असणाऱ्यालाही बरीच सवलत. झाले असे, की हातमागासाठी धरलेल्या छत्रीखाली यंत्रमाग येऊन उभा राहिला!

यंत्रमाग काही नवा नव्हता. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ सालीच तो आणला होता. पण आता त्याला हिशेबाची जोड मिळाली. गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने माग स्वस्तात मिळत. वीज गावोगाव पोहोचत होती. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार असले तर तो कारखाना. मग एकाच छपराखालचे माग नवऱ्याच्या, बायकोच्या, भावाच्या नावावर वाटले गेले. परवान्याशिवाय चालणाऱ्या मागांचा प्रश्न एवढा वाढला, की १९६४ साली अशोक मेहता समितीला यंत्रमागाचा स्वतंत्र विचार करावा लागला.

गिरणीत मात्र १९४७ च्या निवाड्याने वेतनाचे प्रमाणीकरण झाले होते. महागाईभत्ता निर्देशांकाबरोबर हलत होता. कामगारांनी हे लढून मिळविले होते. त्याची किंमत विणकाम बाहेर गेल्याने मोडावी लागली, असे मालकांच्या बाजूचे लोक सांगतात. त्यात तथ्य नाही असे नाही. पण कित्येक गिरण्यांनी नफा नव्या यंत्रांत न घालता दुसऱ्या धंद्यांत घातला, हेही त्यांनी त्याच दमात सांगावे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. गिरण्या बंद, पण बाजारात कापडाचा तुटवडा पडेना. भिवंडीचे माग रात्रंदिवस चालू होते आणि गिरण्यांचे कामही तेथे होत होते. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी व यंत्रमाग यांना एका तागडीत घातले. तोवर वजन केव्हाच दुसऱ्या पारड्यात गेले होते.

येथे आम्हां चळवळीतल्या लोकांचाही दोष सांगितला पाहिजे. आमचे लक्ष गिरणीच्या फाटकावर खिळले होते. भिवंडीचा मागवाला आमच्या भाषणांत फक्त संप निष्फळ करणारा म्हणून येई. तो उत्तरेतून, तेलंगणातून आलेला, मागाशेजारीच झोपणारा कामगार आहे, त्यालाही हजेरीपट हवा, हे बहुतेकांना उशिरा सुचले. यंत्रमागाने लाखोंना काम दिले, कापड स्वस्त केले, शेतकऱ्याच्या मुलाला चार मागांचा मालक केले, हेही खरे. मात्र तो मालकही पुष्कळदा खर्चीवाला असतो. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, त्याची फक्त मजुरी.

इचलकरंजीत कामगाराची मजुरी बावन्न पिकाच्या मीटरवर ठरते. म्हणजे इंचात बावन्न आडवे धागे पडलेल्या कापडाच्या मीटरला अमुक पैसे. सूत वाईट आले, धागा तुटत राहिला, वीज गेली, की मीटर भरत नाहीत आणि पैसेही नाहीत. एका शेडमध्ये आम्ही कामगारांना मालकाचे नाव विचारले. तिघांनी तीन नावे सांगितली. विजेचे मीटर चार होते, दिवाणजी एकच. हजेरीपट मागितला तेव्हा त्याने पगाराची वही पुढे केली. तीत मीटर लिहिले होते, कामाचे दिवस नव्हते.