रिपोर्ट आणि ऑपरेशन यांच्यामधले दिवस

बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये स्तनाचा कर्करोग निघतो. डॉक्टर म्हणतात, "अजून दोन-तीन तपासण्या करू, मग ऑपरेशनचं ठरवू." त्या रात्री तुम्हाला झोप लागत नाही. थांबलं तर गाठ पसरेल का? आजच काढून का टाकत नाहीत? या मधल्या दिवसांचा इतिहास माहीत असला, तर त्यांच्याकडे थोडं वेगळ्या नजरेनं बघता येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी रॅडिकल मास्टेक्टॉमी रूढ केली. स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकदम काढायचं. पुढे तिला जोडून एक रीत पडली. बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा लगेच गोठवून तपासायचा, कर्करोग निघाला तर त्याच टेबलावर स्तन काढायचा. बाई आधीच सही करून झोपायची. आपल्याला कर्करोग आहे की नाही, हे तिला शुद्धीवर आल्यावर छातीवरच्या पट्ट्यांवरून कळायचं.

सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचंही ऑपरेशन असंच झालं. त्याच वर्षी रोझ कुशनर या पत्रकार बाईंना स्वतःच्या स्तनात गाठ लागली होती. आधी फक्त बायॉप्सी करा, पुढचं मी विचार करून ठरवीन, असा त्यांनी हट्ट धरला. त्याला तयार होणारा सर्जन मिळवताना त्यांची दमछाक झाली. फोर्डबाईंनाही हेच सुचवावं म्हणून त्यांनी व्हाइट हाउसला फोन केला, तर निर्णय राष्ट्राध्यक्षांनी घेतला आहे, असं उत्तर आलं. शरीर बाईचं, निर्णय नवऱ्याचा! (आपल्या ओपीडीतही हे दृश्य अजून अनोळखी नाही.)

१९७९ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेनं तज्ज्ञांची समिती बसवली. कुशनर तिच्यात होत्या. बायॉप्सी आणि उपचार वेगवेगळे करावेत, असं समितीनं सांगितलं. १९८५ मध्ये बर्नार्ड फिशर यांच्या अभ्यासानं दाखवलं, की ठरावीक आकारापर्यंतच्या गाठीत फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी बायका तितक्याच जगतात.

म्हणजे तुम्हाला मिळालेले हे दिवस रिकामे नाहीत. गाठ हार्मोनवर वाढणारी आहे का, हर-टू आहे का, स्तन वाचवता येईल का, आधी केमो द्यावी का, हे त्यातच ठरतं. त्यासाठी गेलेल्या काही दिवसांनी सहसा फरक पडत नाही. भीतीपोटी महिनोन् महिने ढकलणं मात्र नको.

दुसरी भीती घरचेच घालतात: "रडू नकोस, टेन्शननं आजार वाढतो." १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांनी आजार पसरलेल्या स्त्रियांच्या गटाबद्दल लिहिलं. दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळं करणाऱ्या या स्त्रिया जास्त जगल्या होत्या. २००१ च्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, पण मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्या. तेव्हा रडलात म्हणून गाठ वाढणार नाही, आणि बोललात तर हलकं वाटेल.

रात्री येणारे प्रश्न वहीत लिहा आणि ती वही पुढच्या भेटीला घेऊन या. दोन आठवडे झोप किंवा जेवण नीट होत नसेल, तर तेही आम्हाला सांगा. त्यावरही उपचार आहेत.