जुन्या तारा

कुणी बेस गिटारवर नव्या, खणखणीत तारा चढवल्या की माझं डोकं फिरतं. कारण सांगता येणार नाही, पण हा हट्ट जुना आहे. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला. पडद्यांमुळे सूर नेमका लागे, म्हणून ते नाव. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसन तो फक्त तर्जनीने छेडत असे. जाड, गुळगुळीत तारा तुटल्याशिवाय तो बदलत नसे. त्यांच्या मळातच खरा नाद आहे, ही त्याची श्रद्धा. लॉस एंजेलिसची बेसवादक कॅरोल के मात्र प्लेक्ट्रमने वाजवी. बोट की प्लेक्ट्रम, ही हुज्जत आम्हा बेसवाल्यांत अजून चालते. मी जेमरसनच्या बाजूचा. आज त्याच्यावरून आम्ही हुज्जत घालतो, पण साठच्या दशकातल्या मोटाउनच्या तबकड्यांवर त्याचं नावही छापलं जात नसे.