इरईच्या खडकावरचे ओरखडे

मे महिन्यातली दुपार. सारा चंद्रपूर जिल्हा दारं लोटून कुलरसमोर बसलेला आणि तुम्ही कोरपना तालुक्यातल्या इरई गावाजवळ, पैनगंगेच्या काठी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून उकिडवे बसला आहात. (इरई धरण वेगळं, इरई नदीही वेगळी. हे गाव.) पुढ्यात चुनखडीचा खडक, घोटून काढल्यासारखा गुळगुळीत. हात फिरवा. लांब, समांतर ओरखडे बोटांना लागतात. नांगराचे नाहीत, बंडीच्या चाकाचेही नाहीत.

डोळे मिटा. 30 कोटी वर्षं मागे जायचंय.

आधी थंडी अंगावर येते. दुपट्ट्याचा काय पाड! पाखरू नाही, गवताची सळसळ नाही, कारण पाखरं आणि गवत अजून जन्मालाच यायचंय. मध्येच तोफ डागल्यासारखा कडाका होतो. समोर बर्फाचा मातकट कडा, त्यात धोंडे रुतलेले. हा प्रदेश दक्षिण ध्रुवाच्या बाजूला आहे, आफ्रिका आणि अंटार्क्टिकाला चिकटलेला. त्या अखंड भूमीला पुढे आपल्याच गोंडांच्या मुलखावरून गोंडवन हे नाव मिळेल. हिमालय मात्र अजून नाही.

कड्याच्या पायथ्यातून नदी निघते आहे, दुधासारखी. बर्फ पुढे सरकतो तसे त्याच्या तळाचे धोंडे खालच्या चुनखडीवर घासतात, जात्यासारखे. दगडाचं ते पीठ पाण्यात उतरतं. तुमच्या बोटांना लागले ते ओरखडे आत्ता तिथे पडताहेत. ऊन चढेल तशी ही नदी फुगते, रात्री बर्फ आवळला की पहाटे ओसरते. आज गंगोत्रीखालची भागीरथी उन्हाळ्यात असंच वागते. आपल्या पैनगंगेचं उलट: तिला पावसाचाच आधार, उन्हाळ्यात तिचं पात्र उघडं पडतं. आणि ही दुधी नदी म्हणजे पैनगंगा नव्हेच. पैनगंगा ज्या अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, त्याचा काळा पत्थर ओतला जायला अजून 23 कोटी वर्षं आहेत.

परत निघा. बर्फ वितळतो, हिरवट गाळात धोंडे पडून राहतात. त्यावर दलदलीची रानं उगवतात, गाडली जातात. घुग्गुस-बल्लारपूरचा कोळसा तो हाच. मग लाव्हा, मग काळी माती. अगदी शेवटी फ्रान्सिस फेडन. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या या माणसाने 1875 मध्ये या ओरखड्यांबद्दल लिहिलं: उष्ण मुलखात बर्फाच्या खुणा! वाचणाऱ्यांना हे पचायला वेळ लागला असेल. मला तर खडकाला हात लावूनही लागतो.

डोळे उघडा. गडचांदूरकडून सिमेंटचे ट्रक धडधडत येताहेत. त्याच जातीची चुनखडी तिथे पुन्हा दळली जाते, या वेळी गिरणीत, आणि पीठ नदीत न उतरता पोत्यांत भरलं जातं. तुम्ही ओरखड्यावर परत तळवा टेकता आणि चटका बसून झटकन उचलता.